हर्सूलची नहर आणि मलिक अंबरची घडण

छत्रपती संभाजीनगर शहराच्या उत्तरेस अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हर्सूल हे गाव आहे. या परिसरातील डोंगरपायथ्याशी, खाम नदीच्या खोऱ्यात मुरलेले पाणी जमिनीखालून वाहून नेऊन नव्याने वसणाऱ्या शहरास पुरविण्याची योजना सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात अंमलात आली. हीच सुप्रसिद्ध नहर-ए-अंबरी होय. दगडी बांधणीचा भूमिगत मार्ग, पुढे खापरी नळ आणि अधूनमधून हवा खेळती ठेवणारे मनोरे अशी तिची रचना होती. मोट नाही, बैल नाहीत. केवळ जमिनीच्या उताराच्या अचूक अंदाजावर हे पाणी शहराच्या हौदांपर्यंत पोहोचत असे. ही योजना ज्याने सिद्धीस नेली, तो मलिक अंबर जन्माने या देशाचा नव्हता. आणि आयुष्याच्या पूर्वार्धात तर तो स्वतःच्याही मालकीचा नव्हता.

सुमारे १५४८ मध्ये हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मलेल्या या मुलाचे नाव चापू असे होते. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात विकला गेला. तांबड्या समुद्राकाठचे मोखा बंदर, तेथून बगदाद आणि शेवटी दख्खन असा त्याचा प्रवास झाला. अशी हजारो मुले त्या काळी समुद्रापार आणली जात. त्यांतील बहुतेकांची नावेही इतिहासाला ठाऊक नाहीत. मग याच एका मुलाचा राज्यकर्ता कसा झाला? बुद्धिमत्ता आणि धाडस ही उत्तरे खरी असली तरी ती अपुरी आहेत. बुद्धिमान आणि धाडसी मुले त्या जहाजांवर इतरही असतीलच.

आपल्याकडे गुरुशिष्य परंपरेचा विचार बहुधा विद्या, कला किंवा अध्यात्म या अंगांनी होतो. कारभारातील गुरू मात्र सहसा विस्मरणात जातो. चापूच्या वाट्याला असे दोन गुरू आले, आणि विलक्षण गोष्ट ही की दोघेही त्याचे धनी होते. पहिला बगदादचा मीर कासिम. त्याने या मुलातील चुणूक ओळखून त्याला शिक्षण दिले आणि ‘अंबर’ हे नाव दिले. घरकामापुरता घेतलेल्या गुलामाला लिहिणे, वाचणे, हिशेब ठेवणे शिकविण्याची कोणतीही सक्ती त्याच्यावर नव्हती. यात त्याचा स्वार्थ नसेलच असे नाही, कारण शिकलेल्या गुलामाचे मोल अधिक येई. तरीही विद्या एकदा दिली की ती परत काढून घेता येत नाही, हा तिचा गुण येथेही लागू पडला.

दुसरा गुरू अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान. सोळाव्या शतकाच्या आठव्या दशकाच्या सुरुवातीस अंबर त्याच्या पदरी आला. चंगीझखान स्वतः हबशी होता आणि एके काळचा गुलामही होता. अंबरच्या घडणीत याचे महत्त्व फार मोठे मानले पाहिजे. अंबरसारख्याच मार्गाने आलेला एक माणूस राज्याचा मुख्य कारभारी होऊ शकतो, ही गोष्ट उपदेशातून कळणारी नव्हे. ती रोज डोळ्यांसमोर दिसावी लागते. मार्गदर्शकाचे पहिले काम शिकवणे हे नसून शिष्याला स्वतःच्या शक्यतांचा अंदाज येऊ देणे हे आहे, याचे याहून ठळक उदाहरण दख्खनच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

त्या काळी निजामशाहीचा विस्तार होत होता. १५७४ मध्ये वऱ्हाड अहमदनगरच्या राज्यास जोडले गेले, त्यात चंगीझखानाचा मोठा वाटा होता. दरबार, लष्कर, परराज्यांशी व्यवहार या सर्वांचा व्याप पेशव्याच्या वाड्यातून चाले आणि अंबरला तो जवळून पाहावयास मिळाला. आजही तालुक्याच्या कचेरीत नव्याने रुजू झालेला तलाठी नियमपुस्तिका वाचून जेवढे शिकतो, त्याहून अधिक एखाद्या जाणत्या मंडल अधिकाऱ्याबरोबर शिवारात फिरून शिकतो, हे अनुभवी मंडळींना सांगावयास नको.

पण हे छत्र लवकरच हरपले. सुलतानाच्या मनात पेशव्याविषयी संशय भरविण्यात आला आणि १५७५ च्या सुमारास चंगीझखानाचा विषप्रयोगाने अंत झाला. अंबर गुलामगिरीतून मुक्त झाला, परंतु पाठीराखा उरला नाही. पुढील जवळजवळ वीस वर्षे तो पोटासाठी दख्खनमध्ये भटकला. विजापूरच्या चाकरीत त्याला ‘मलिक’ हा किताब मिळाला. तेथील मन विटल्यावर अवघे दीडशे स्वार घेऊन तो निजामशाहीत परतला. ही वीस वर्षे चरित्रकार दोन ओळींत उरकतात. घडणीच्या दृष्टीने मात्र तीच कसोटीची होती. गुरू समोर असताना शिष्य चांगला दिसतोच. गुरू गेल्यावर काय उरते, ते या काळात ठरले.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला आणि राज्य बुडाले असेच सर्वांना वाटले. अंबरने राजवंशातील एक तरुण शोधून त्याला परांड्यास गादीवर बसविले आणि त्याच्या नावे राज्य पुन्हा उभे केले. एके काळी चंगीझखानाकडे असलेला कारभार आता त्याच्याकडे आला. १६१० मध्ये त्याने खडकी येथे राजधानी वसविली. पुढे तेच औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. हर्सूलचे पाणी या राजधानीसाठी आले. जमाबंदीतही त्याने लक्ष घातले. महसुलाची मक्तेदारी मोडून गावकारभाराची विस्कटलेली घडी त्याने पुन्हा बसविली. जमिनीची प्रत आणि प्रत्यक्ष पीक पाहून आकार ठरविला आणि काही हंगामांच्या अनुभवानंतर धान्याऐवजी रोख आकारणी सुरू केली. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत त्याच्याविषयी अत्यंत कडवट शब्द वापरले आहेत. त्याच दरबारातील इतिहासकार मुतमदखान याने मात्र अंबरच्या मृत्यूनंतर त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मोकळेपणाने वाखाणणी केली.

अंबरच्या पदरी हजारो मराठा स्वार होते. गनिमाची रसद तोडणे, डोंगराचा आसरा घेणे, समोरासमोरची लढाई टाळणे ही युद्धपद्धती त्यांच्यासह त्याने पक्की केली. १६२४ मध्ये भातवडी येथे मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र आल्या, तेव्हा तलावाचा बांध फोडून त्याने शत्रूची छावणी चिखलात रुतवली. शहाजीराजे भोसले या लढाईत आघाडीवर होते. त्यांचे बंधू शरीफजी तेथेच कामी आले. परमानंदाच्या शिवभारतात या संग्रामाचे वर्णन आहे.

यानंतर वर्षभरातच शहाजीराजे अंबरला सोडून आदिलशाहीत गेले. भाऊबंदकी आणि मानपानाची कारणे त्यामागे होती. कर्तबगार शिष्याला धरून ठेवणे अंबरलाही साधले नाही. बहुतेक गुरूंना ते साधत नाही, आणि साधू नये असेही म्हणता येईल.

१६२६ मध्ये अंबर वारला. त्याची कबर खुलताबादेस आहे. त्याच्यामागे मुलगा फतेखान कारभारी झाला. त्याने खडकीचे नाव फतेहनगर ठेवले. बापाचा हुद्दा, खजिना, फौज सर्व काही त्याला आयते मिळाले होते. परंतु ज्या निजामशहाची चाकरी करावयाची त्यालाच त्याने ठार केले आणि १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांच्या स्वाधीन करून त्यांची नेमणूक पत्करली.

त्याच वर्षी संगमनेरजवळच्या पेमगिरीवर शहाजीराजांनी निजामशाही वंशातील एका बालकाला गादीवर बसविले आणि त्याच्या नावे कारभार हाती घेतला. अंबरने परांड्यास केले होते, तेच हे होते. हा डाव तीन वर्षे चालला आणि १६३६ मध्ये माहुलीच्या किल्ल्यावर संपला. शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत गेले. पुणे प्रांताची जहागीर त्यांच्याकडे राहिली. त्या उजाड झालेल्या मुलखात शेतसाऱ्याची नव्याने घडी बसविताना मलिकंबरी धाऱ्याचाच आधार घेण्यात आला.