झोपेची गोळी एका रात्रीत तोडू नका

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम यांपैकी एखादी गोळी महिनोन्‌महिने चालू असेल, तर ती सुटलीच पाहिजे, पण एका झटक्यात नव्हे. रोजच्या गोळीने मेंदू शांत राहायची स्वतःची ताकद आखडती घेतो. गोळी अचानक गेली की आवरणारं कुणी उरत नाही. झोप उडते, हात कापतात, जीव घाबराघुबरा होतो, आणि काहींना भास, संशय, बरळणं, फिट इथपर्यंत मजल जाते. १९६१ साली अमेरिकेत हॉलिस्टर यांनी ११ रुग्णांची याच जातीची गोळी त्यांच्या नकळत बदलून औषध नसलेली साधी गोळी दिली. १० जणांना त्रास झाला, दोघांना फिट आली. ते डोस फार मोठे होते, असा आक्षेप कुणी घेईल, आणि तो खरा आहे. पण १९८१ साली लंडनमध्ये पेटुर्सन आणि लेडर यांनी नेहमीच्या डोसवरच्या १६ रुग्णांची गोळी सोडवली, तेव्हा सगळ्यांनाच कमीअधिक त्रास झाला. 'शेजाऱ्याने एकदम सोडली, काही झालं नाही' हा दाखला म्हणून पुरत नाही. किती दिवस, किती डोस, सोबत दारू होती का, यावर सगळं अवलंबून असतं.

बीडमध्ये हा धोका हंगामाला बांधलेला आहे. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. पाकीट फडावर संपतं, चिठ्ठी गावी राहिलेली. मार्च २०१४ पासून यातल्या अनेक गोळ्या एच-वन यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय त्या देता येत नाहीत, मेडिकलवाल्याला रजिस्टरात नोंद ठेवावी लागते. नियम योग्यच आहे, पण परक्या तालुक्यात गोळी तुटते ती अशी. अल्प्राझोलामचा त्रास दिवस-दोन दिवसांतच सुरू होतो, डायझेपामचा कधी आठवड्याने, तोवर घरच्यांना गोळी आठवतही नाही. मग 'बाहेरचं काहीतरी आहे' म्हणून अंगारा आणतात, नाहीतर जुनाच आजार उलटला असं ठरवतात.

म्हणून निघण्याआधी डॉक्टरांना तोडीला जातोय हे सांगा, पुरतील एवढ्या गोळ्या आणि चिठ्ठी सोबत घ्या. गोळी सोडायची असेल तर डोस बहुधा दर दोन ते चार आठवड्यांनी पाच-दहा टक्के असा उतरवतात. तो बेत डॉक्टरांकडूनच आखून घ्या, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयात. सल्ल्यासाठी टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक फडावरूनही लागतो. फिट आली किंवा माणूस बरळू लागला, तर मात्र फोनवर वेळ न घालवता जवळचा दवाखाना गाठा, आणि कोणती गोळी कधी थांबली ते सगळ्यात आधी सांगा.