इंजिन बांधून आणल्यावर हेडला हात लावायची घाई नको

बाळा, दाजींची प्रीमियर पद्मिनी इंजिन बांधून बेडशात आली, पण धड सुरू होत नाही आणि झालीच तर मिसिंग मारते, असं तुझं म्हणणं. तर पहिलं ऐक. हेड उघडू नको. नव्याने बांधलेल्या इंजिनाने त्रास दिला की पोरं थेट पिस्टन-रिंगांवर संशय घेतात. बोअर, क्रँक ही कामं मशीनवर मोजून होतात, तिथे चूक कमी. चूक होते ती सगळ्यात शेवटी बसवलेल्या वस्तूंत: डेल्को (म्हणजे डिस्ट्रिब्युटर), वायरी, कार्बोरेटरखालचं गॅस्केट, पेट्रोलची नळी. गिऱ्हाईक दारात उभं असतं आणि ही कामं घाईत उरकली जातात. म्हणून तपास बाहेरून आत करायचा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पॉइंट, प्लग आणि जेट एकदम बदललेस आणि गाडी चालली, तर कशाने चालली ते तुला कधीच कळणार नाही. एक वही ठेव. काय केलं आणि काय फरक पडला, दोन ओळी लिही.

सेल्फ मारण्याआधी तेल. बांधलेलं इंजिन बरेच दिवस पडून असेल तर बेअरिंगवरचं तेल ओघळून गेलेलं असतं. चारही प्लग काढ, कॉइलची वायर सोडव आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबत थांबत सेल्फ मार. प्लग नसले की इंजिनावर दाब नसतो, बेअरिंग कोरडी घासली जात नाहीत. मगच प्लग लाव. गाडी सुरू झाल्यावर पाच-दहा सेकंदांत दिवा गेला नाही तर लगेच बंद कर. जरा वेळ बघू, असं इथे चालत नाही. तेल साधं मिनरल घाल, २०डब्ल्यू-५० किंवा २०डब्ल्यू-४०. सिंथेटिक आत्ता नको, रिंगा बोअरला नीट बसू देत. कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवे टाकले असतील तर पहिली वीसेक मिनिटं इंजिन दोन हजार आरपीएमच्या आसपास ठेवावं लागतं. कॅमवर तेल पडतं ते क्रँकच्या फिरण्यातून उडालेलं. मंद चालीवर ते पुरेसं उडत नाही आणि नवे लोब तिथेच खरवडले जातात.

आता अर्थिंग. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याची विणलेली पट्टी असते. इंजिन रंगवून चकचकीत केलं की ती रंगावरच आवळली जाते, नाही तर विसरली जाते. मग सेल्फ मरगळल्यासारखा फिरतो आणि सगळे बॅटरीला दोष देतात. ओळखायची खूण सांगतो: सेल्फ मारताना चोकची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम लागली, तर करंट तिच्यातून परत जातोय. पट्टीखालचा रंग खरवडून धातू उघडा कर.

सेल्फ जोरात फिरतोय, प्लगला ठिणगी आहे, पेट्रोल आहे, आणि तरी गाडी कार्बोरेटरमधून फाट फाट करते? मग डेल्को उलटा बसलाय. बांधलेल्या इंजिनात ही भानगड मी सगळ्यात जास्त पाहिली आहे, म्हणून नीट समजून घे. क्रँक दोन फेरे मारतो तेव्हा कॅम एकच मारतो. तेवढ्यात एक नंबरचा पिस्टन वर येतो तो दोनदा, एकदा दाब घेऊन आणि एकदा धूर बाहेर टाकून. पुलीवरची खूण दोन्ही वेळा जुळते. नुसती खूण बघून डेल्को बसवला तर निम्म्या वेळा चुकणारच. म्हणून एक नंबरचा प्लग काढ, भोकावर अंगठा दाब आणि हँडलने इंजिन फिरव. हवा अंगठा ढकलायला लागली की तोच दाबाचा फेरा. याहून पक्की खूण हवी असेल तर टॅपेट कव्हर काढ. चार नंबरचे दोन्ही वॉल्व्ह एकाच वेळी हलत असतील, एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, तेव्हा एक नंबर पेटायच्या जागी असतो. त्या क्षणी रोटरचं तोंड एक नंबरच्या वायरीकडे असलं पाहिजे. पुढच्या वायरी रोटर फिरतो त्या दिशेने १-३-४-२. याच जोडीने टॅपेटही लावता येतात: चारचे हलताना एकचे, एकचे हलताना चारचे, दोनचे हलताना तीनचे, तीनचे हलताना दोनचे.

टायमिंगआधी पॉइंटची फट लाव, नंतर नाही. फट वाढली की टायमिंग पुढे सरकतं. टायमिंग आधी लावून फट नंतर बदललीस तर पहिलं काम वाया. फट साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर, फिलर गेजने, अंदाजाने नाही. मग कॉइलच्या डेल्कोकडच्या टोकाला आणि अर्थला बारा व्होल्टचा बल्ब जोड, चावी चालू कर आणि डेल्को हळूहळू फिरव. बल्ब लागला तो क्षण पॉइंट उघडल्याचा. तो पुलीच्या खुणेशी जुळव.

कंडेन्सर नवा टाकलाय म्हणून तो चांगला आहे असं धरून चालू नको. मुंबईतल्या टॅक्सींमुळे पद्मिनीचे पार्ट इतकी वर्षं मिळत राहिले. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून गाडी निघायची बंद झाल्यावरही टॅक्सीवाल्यांनी तो बाजार जिवंत ठेवला. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून ती गेली. मला त्याचं फार वाईट वाटलं, ती गाडी अजून कितीतरी चालली असती. आता दुकानात मिळणारा पार्ट कुठे बनला ते विचारूनच घे. जुना चालता कंडेन्सर, जुना रोटर, जुनी कॅप फेकू नको. गाडी गरम झाल्यावर मिसिंग मारते, थंड झाली की ठीक, असं असेल तर आधी जुना कंडेन्सर लावून बघ, मग कॉइल.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, ओल. भात लावणीच्या दिवसांत पवन मावळात हवाच भिजलेली असते. सकाळी गाडी सुरू झाली नाही तर डेल्कोची कॅप काढ, आतून कोरड्या फडक्याने पूस आणि पेन्सिलीने मारल्यासारख्या बारीक काळ्या रेघा दिसतात का बघ. रेघ दिसली तर कॅप बाद. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेव. वायरींवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या की दोष सापडला.

पेट्रोलचं थोडक्यात. इंजिनावरचा पंप कॅमने चालतो. त्याच्याखाली बसणाऱ्या पॅकिंगची जाडी ठरलेली असते. जास्त जाड घातलं तर पंपाचा दांडा पुरता हलत नाही, गाडी सपाटीला चालते आणि चढाला उपाशी मरते. कामशेतच्या घाटात गाडी गचके देते तेव्हा कार्बोरेटर खोलण्याआधी हे बघ. शिवाय आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते मानवत नाही. पंपाचा पडदा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घे. टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नको, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. त्या पाण्याने टाकीत सुटलेला गंज फिल्टरमध्ये येतो, म्हणून सुरुवातीला फिल्टर लवकर लवकर बदल.

मंद चालीवर इंजिन थरथरतं आणि स्क्रू फिरवूनही स्थिर होत नाही, म्हणजे कुठूनतरी चोरटी हवा शिरतेय. काही जण मॅनिफोल्डवर पेट्रोल शिंपडून बघतात. गरम इंजिनावर ते कधीही करू नको. पाणी थेंब थेंब सोड. जिथे थेंब आत ओढला जाऊन आवाज बदलतो, तिथलं गॅस्केट.

इंजिन तापत असेल तर नव्या इंजिनाच्या घट्टपणाला सगळं खपवू नको. थोडं जास्त तापणं समजू शकतो, पाणी बाहेर फेकणं नाही. गाडी चढावर तोंड वर करून उभी कर, बेडशात चढाला तोटा नाही. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून थंड इंजिनात पाणी भर, सुरू कर आणि बुडबुडे संपेपर्यंत भरत राहा. अडकलेली हवा निघून जाईल. बुडबुडे थांबतच नसतील तर हेड गॅस्केटमधून दाब पाण्यात जातोय. टायमिंग मागे असलं तरीही इंजिन तापतं, हे फार जण विसरतात.

कॉम्प्रेशन सगळ्यात शेवटी बघ: चारही प्लग काढून, अ‍ॅक्सिलरेटर पुरता दाबून. एखादा सिलिंडर कमी आला तर चमचाभर तेल घालून पुन्हा माप. आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर वॉल्व्ह. शेजारचे दोन एकदम कमी असतील तर मधलं गॅस्केट. पण रिंगा बसायला पाचशे-हजार किलोमीटर जातात, आजच्या आकड्यावर निकाल देऊ नको.

आणि त्या रिंगा बसवायच्या कशा? गाडी दारात उभी करून घरघर चालवून नाही. त्याने बोअरला काचेसारखी झिलई चढते. बेडसे ते पवनानगर, परत कामशेत, असा रस्ता घे. तिसऱ्या गिअरमध्ये तीसवरून पन्नासवर ने, पाय सोड, पुन्हा ने. दाबाने रिंग बाहेर फाकते, पाय सोडला की तेल वर येऊन तिला धुतं. एक्सप्रेसवेवर एकसारख्या वेगाने पळवणं हे सगळ्यात वाईट. पाचशे किलोमीटर झाले की बोरघाट उतर. खाली खोपोलीच्या बाजूला पोचल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाब आणि आरशात बघ. निळ्या धुराचा एक झोत येऊन थांबला तर वॉल्व्हच्या गाइडमधून तेल उतरतंय. घाट परत चढताना सतत निळा धूर असेल तर रिंगा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त.

त्याच सुमाराला, इंजिन पूर्ण थंड असताना, हेडचे नट मधून बाहेर या क्रमाने टॉर्क पान्ह्याने पुन्हा आवळ. हेड खाली बसलं की टॅपेटची फट बदलते, तीही त्याच दिवशी लाव. पुढे ही फट आपोआप कमी होत गेली तर वॉल्व्हची सीट झिजतेय. इंजिन बांधताना कडक सीट टाकल्या का, ते विचारून वहीत लिहून ठेव. या गाड्या शिशाच्या पेट्रोलवर वाढल्या आणि ते पेट्रोल २००० साली बंद झालं.

पहिलं तेल बदलताना ते पांढऱ्या भांड्यात ओत, उन्हात धर आणि लोहचुंबक फिरव. लोखंडाची बारीक काळी भुकटी चिकटली तर ती रिंगा बसल्याची, काळजी नको. तांबूस किंवा रुपेरी पापुद्रे चमकले आणि ते चुंबकाला चिकटले नाहीत, तर बेअरिंग सुटतंय. मग एक किलोमीटरही पुढे चालवायची नाही. गाडी उभी करून खालचा संप काढायचा आणि क्रँकच्या बेअरिंगा एकेक करून बघायच्या.