गुहेच्या तोंडाशी

सातारा जिल्ह्यातले एक मास्तर नोकरीतून मोकळे झाले. त्यांचा मुलगा थायलंडात कामाला आहे. त्याने आईबापांना तिकडे बोलावले. चार दिवस शहर पाहून झाल्यावर दोघे जंगल पाहायला निघाले.

थायलंडच्या दक्षिणेला खाओ सोक नावाचे दाट जंगल आहे. १९८० साली सरकारने ते राखून ठेवले. त्यात चिओ लान नावाचे भले मोठे तळे आहे. पण हे तळे देवाने केलेले नाही बरे का! १९८२ ते १९८७ या काळात तिथे ९४ मीटर उंचीचे धरण बांधले. दरी बुडाली, गाव बुडाले. माणसे दुसरीकडे वसवली. पण जनावरांचे काय? पाणी चढले तशी टेकड्यांची बेटे झाली. जनावरे त्यांवर अडकली. सुएब नाखासाथियन नावाच्या वन अधिकाऱ्याने माणसे जमवून, होड्या घालून, ती सोडवली. सगळी काही वाचली नाहीत.

हे ऐकून बाई म्हणाल्या, "आमच्या कोयनेसारखंच की! माझ्या आईचं माहेर शिवसागराच्या पाण्याखाली आहे." मग बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिल्या. वाळलेल्या झाडांचे बुंधे अजून तळ्यातून वर आलेले दिसत होते.

होडी मोठी गमतीची होती. मागे मोटारीचे इंजिन, त्याला लांबच लांब दांडा, आणि दांड्याच्या टोकाला पाणी कापणारा पंखा. म्हणून तिला लांब शेपटीची होडी म्हणतात. दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे पाण्यातून सरळ वर गेलेले.

बरोबर तिथलाच एक वाटाड्या होता. तो मोडके इंग्रजी बोले, मास्तर बाईंना मराठीत सांगत. पलीकडच्या काठाला होडी लावली. एका सपाट दगडावर बसून सगळ्यांनी डबा खाल्ला. मग पायवाट धरली. वाटेत ओढा तीनदा ओलांडला. बाईंच्या पायाला जळवा लागल्या. वाटाड्याने त्या हलक्या हाताने काढल्या.

त्यांना नाम तालू ही गुहा पाहायची होती. ओढा या गुहेत एका तोंडाने शिरतो आणि दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतो. माणसेही त्याच पाण्यातून, हातात बॅटरी घेऊन जातात. कुठे गुडघाभर पाणी, कुठे पोहावे लागते.

गुहेच्या तोंडाशी वाटाड्या थांबला. त्याने वरच्या डोंगराकडे पाहिले. तिकडे आभाळ काळे झाले होते. "आज आत नाही," तो म्हणाला.

मास्तर चिडले. "इथं तर ऊन आहे! पैसे आधी मोजून घेतलेत ना?"

वाटाड्या रागावला नाही. त्याने दोन्ही हात जवळ आणून गुहेतली चिंचोळी जागा दाखवली. मग एक हात हळूहळू डोक्याच्या वर नेला.

मास्तरांना कळेना, पण बाईंना कळले. "अहो, विसरलात काय? आपल्याकडे डोंगरात पाऊस पडला की खाली उन्हातसुद्धा ओढा फुगतो. आणि उघड्या ओढ्यातून माणूस काठावर तरी पळेल. इथं भिंतीला भिंत. पाणी चढलं तर जायचं कुठं?"

वाटाड्याने मग २००७ सालची गोष्ट सांगितली. ऑक्टोबर महिना होता. पाहुणे आत असताना याच गुहेत एकाएकी लोंढा आला. पाहुणे बुडाले, त्यांना नेणारे वाटाडेही बुडाले. पावसाळ्यात ही गुहा बंदच ठेवतात. पण अवेळी पाऊस येतो, तेव्हा वाटाड्यालाच ठरवावे लागते.

मास्तर काही बोलले नाहीत. मुकाट्याने मागे फिरले, पण तोंड फुगलेलेच होते.

रात्री मुक्काम तळ्यावर होता. तराफ्यावर बांधलेल्या बांबूच्या खोल्या, खाली पाणी. मध्यरात्री पाऊस कोसळू लागला. पहाटे उघडीप झाली, तेव्हा रानातून गिबन नावाच्या बिनशेपटीच्या वानरांची लांब हाळी ऐकू आली.

सकाळी होडी कालच्या काठावरून परत निघाली. ओढ्याचे तांबडे पाणी तळ्यात घुसत होते. मास्तर उठून उभे राहिले, डबा खाल्लेला तो सपाट दगड शोधू लागले. दगड कुठे दिसेना. ते वाटाड्याशेजारी जाऊन बसले आणि पिशवीतला चिवडा त्याच्यापुढे धरला.