चार्जिंगचा डबा घेण्याआधी वजनकाटा काढा



मे महिन्याच्या बैठकीत आपल्या एका ग्रामसंघाने ठराव मांडला की पावसाळ्याआधी चार्जिंगचा मोठा डबा घ्यायचा. दुकानदार त्याला पॉवर स्टेशन म्हणतो. किंमत १९,५०० रुपये, पैसे संघाच्या निधीतून. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण "ताई शिकलेल्या आहेत". मी लगेच हो म्हटलं नाही. का, ते सांगते.

मागच्या वर्षी एका गटाला मीच पॉवर बँक सुचवली होती. मोबाइलवर स्वस्तात दिसली, वर ५०,००० एमएएच छापलेलं. जूनमध्ये दोन दिवस लाईट गेली, तर बँक सखीचा एक फोन जेमतेम भरून ती थंड पडली. पेन्शन काढायला आलेल्या दोन आजी रिकाम्या हाताने परत गेल्या. एक तर वाडीवरून चालत आलेली. बिल नव्हतं, त्यामुळे परत द्यायची सोयच नाही. पैसे मी माझ्या मानधनातून भरले, पण आजींचा हेलपाटा कसा भरून देणार?

नंतर ती पॉवर बँक मी किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली. पाव किलोसुद्धा भरली नाही! आतला एक लिथियम सेल साधारण ४५ ग्रॅमचा असतो आणि त्यात अडीच हजार एमएएचच्या आसपास मावतं. ५०,०००ला तसे वीस सेल हवेत, म्हणजे नुसते सेलच ९०० ग्रॅम. हे गणित आधी केलं असतं तर फसले नसते. म्हणून वस्तू हातात घ्या, तोला, मग बोला.

आता मुख्य हिशोब. डब्यावर दोन आकडे बघायचे, वॉट-अवर आणि वॉट. वॉट-अवर म्हणजे हंड्यात पाणी किती, आणि वॉट म्हणजे तोटी केवढी.

हजार वॉट-अवर म्हणजे आपल्या लाईट बिलावरचं एक युनिट. आपल्या संघाने बघितलेला डबा २५६ वॉट-अवरचा, म्हणजे पाव युनिटचा. बैठकीत हे सांगितल्यावर एक काकी म्हणाल्या, "साडेएकोणीस हजारात पाव युनिट? एवढ्यात तर माझा मुलगा पंखाच फिरवत बसेल." काकी चुकल्या नाहीत. ७५ वॉटचा साधा पंखा त्यावर तीन तासांच्या आतच बंद पडतो. कारण इन्व्हर्टरमध्येही वीज जाते, २५६ मधले हाताशी २१०-२१५ धरा.

पण आपलं काम पंख्याचं नाही. संघाचा टॅब भरायला साधारण २५ वॉट-अवर, ५,००० एमएएचचा एक फोन १९, असे दोन फोन ३८, आणि ९ वॉटचा बल्ब चार तास ३६. सगळे मिळून शंभरच्या आत. म्हणजे डबा दोन दिवस पुरतो. फोन थेट यूएसबीला लावा, थ्री-पिनला अॅडॉप्टर लावून नको. थ्री-पिनचं बटण नुसतं चालू राहिलं तरी डबा हळूहळू रिकामा होतो.

ज्यावर फक्त एमएएच लिहिलंय, त्याला ३.७ने गुणून हजाराने भागा. चांगली २०,०००ची पॉवर बँक ७४ वॉट-अवरची निघते. तिच्यावर फोन तीनदा नाही, अडीचदा भरतो असं धरा. खरं सांगू? गटाची फक्त नोंद आणि दोन फोन असतील तर अशी एक-दोन पॉवर बँक पुरे. मोठा डबा बँक सखीला किंवा शिलाई केंद्राला शोभतो.

आता तोटी. ३०० वॉटच्या डब्यावर मिक्सर, इस्त्री, घरघंटी लावू नका. एक एचपीची मोटर ७४६ वॉटची, आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढते. दुकानदार "६०० पीक" दाखवेल, पण ते क्षणभरापुरतं असतं. सतत किती, ते विचारा.

३ जून २०२०चं निसर्ग वादळ कोण विसरेल? श्रीवर्धन-म्हसळ्याकडे कित्येक गावांत काही आठवडे लाईट नव्हती. तेव्हा हा डबा असता तरी तिसऱ्या दिवशी रिकामा. म्हणून तो भरणार कशावर, हे आधी ठरवा. १०० वॉटचं सोलर पॅनल कडक उन्हात ६०-७० वॉट देतं, चार-पाच तासांत डबा भरतो. आपल्याकडे आषाढात ढग दाटले की त्याचा पाव भागही मिळेल असं नाही. बहुतेक डबे जीपच्या लायटर सॉकेटवरही भरतात, तेवढी सोय नक्की बघून घ्या.

आतली बॅटरी कोणती, हेही विचारा. एलएफपी असेल तर दोन-तीन हजार वेळा भरता येते, शिवाय गरम होऊन पेटण्याचा धोका कमी. जुन्या प्रकारची पाचशे ते आठशे वेळांनंतर उतरते. एलएफपी जड असते, २५६चा डबा साडेतीन किलोच्या आसपास. पॉवर बँकवर बीआयएसचा शिक्का आणि 'आर'ने सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर अॅपवर टाकून बघा. नंबर भलत्याच कंपनीचा निघाला तर वस्तू तिथेच ठेवा.

बिल संघाच्या नावाने, कुणाच्या मिस्टरांच्या नावाने नको. वॉरंटी कार्ड ठरावाच्या फाईलला लावा. डबा पत्र्याखाली किंवा ओल्या जमिनीवर ठेवू नका. पावसाळा संपला की अर्ध्याहून थोडा जास्त भरून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी एकदा चार्ज करा. फुगलेली बॅटरी चुलीजवळ किंवा कचऱ्यात टाकू नका, ती मला द्या.

आपल्या संघाचा ठराव अजून पास झालेला नाही. सचिव वहिनींनी तीन दुकानांची कोटेशन मागवलीत. ज्या गटांनी आधीच काही घेतलंय, त्यांनी डब्याच्या मागच्या लेबलचा फोटो आणि काट्यावरचं वजन मला व्हॉट्सअॅपवर पाठवा. पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीत सगळे आकडे फळ्यावर मांडू.