शब्दकोडी सोडवून स्मृतिभ्रंश टळतो का?

प्रश्न : माझ्या आईला सत्तरीत स्मृतिभ्रंश झाला. मी आता पन्नाशीला टेकलो आहे. रोज शब्दकोडं सोडवतो, सकाळी रंकाळ्यावर फिरतो. एवढं पुरेल का?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : टळेलच अशी हमी कुणी देऊ शकत नाही. पण आईला झाला म्हणजे तुम्हालाही होणारच, असंही नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटानं २०२४ मध्ये आपल्या हातात असलेली १४ कारणं मांडली. ती सगळी दूर झाली तर जगातले जवळपास ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा त्यांचा आजार पुढे ढकलला जाईल, असा त्यांचा अंदाज आहे. शिक्षण न मिळणं हेही त्यातलं एक. राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, ते या अंगानंही केवढं मोठं काम होतं!

शब्दकोडं आवडत असेल तर जरूर सोडवा, पण भिस्त त्यावर ठेवू नका. रंकाळ्याची फेरी त्याहून मोलाची, आणि त्याच्याही आधी बीपी. पन्नाशीत वाढलेला रक्तदाब मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या गुपचूप खराब करत राहतो. चीनमध्ये ३२६ खेड्यांतल्या सुमारे ३४ हजार रक्तदाबाच्या रुग्णांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गावांत आरोग्यसेवकांनी चार वर्षं नेटानं बीपी आटोक्यात ठेवला, तिथं स्मृतिभ्रंश इतर गावांपेक्षा १५ टक्के कमी आढळला. आपल्याकडे 'आता बरं वाटतंय' म्हणून परस्पर गोळी सोडणारे घरोघरी आहेत. तसं करू नका. तांबड्या रश्श्याच्या तिखटाला उगाच बोल लावू नका. लोणचं, पापड, खर्डा यांतलं मीठ मात्र आवरा. विडी-सिगारेट बंदच. गाडीवर हेल्मेट हवंच, कारण डोक्याला मार बसणं हेही त्या यादीत आहे.

सगळ्यांत दुर्लक्षित म्हणजे कान. ऐकू कमी आलं की माणूस गप्पांतून उठतो, मग लग्नकार्याला जाणं टाळतो, शेवटी घरातच एकटा पडतो. चष्मा लावायला कुणी लाजत नाही, पण कानाचं मशीन नको असतं. अमेरिकेतल्या २०२३ च्या एका चाचणीत, आधीच जास्त धोका असलेल्या वृद्धांमध्ये मशीन वापरल्यावर तीन वर्षांत बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. सरसकट सगळ्यांत हा फरक दिसला नाही, हेही खरं. तरी टीव्हीचा आवाज वाढवत नेण्यापेक्षा तपासणी बरी.

बीपी आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. या आठवड्यातच जाऊन या, कानही दाखवून घ्या, आणि तुमच्या बरोबरीच्या भावंडांनाही सोबत न्या.