स्थिर कमान, हलते चित्र

प्रस्तावना

जबलपूर शहराच्या जुन्या बाजारपेठेत कमानिया गेट उभे आहे. मार्च 1939 मध्ये शहराजवळील त्रिपुरी येथे काँग्रेसचे 52 वे अधिवेशन भरले. त्याच्या स्मरणार्थ हे प्रवेशद्वार उभारण्यात आले. अधिवेशनाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस त्या वेळी आजारी होते. म्हणून मिरवणुकीत त्यांच्याऐवजी त्यांची तसबीर नेण्यात आली. माणूस येऊ शकला नाही, तेथे त्याचे चित्र गेले. ते कोणाचे आहे, हे मात्र पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते.

आज त्याच कमानीखालून जाणाऱ्या माणसांच्या मोबाइलमध्ये रोज अनेक हलती चित्रे येतात. कधी लुकलुकणारी पणती, कधी नाचणारे मांजर, तर कधी हात जोडणारे बाळ. ती पाहून हसू येते आणि ती लगेच पुढे पाठवली जातात. परंतु ती कोणी काढली, हे सहसा कोणी विचारत नाही. ही चित्रे कशी तयार होतात, त्यांना नवे रूप कसे दिले जाते आणि मूळ कलावंताचे त्यांच्याशी काय नाते असते, याचा परिचय या पाठात करून घ्यायचा आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण –
• स्थिर चित्रांतून हालचालीचा आभास कसा निर्माण होतो, हे सांगू शकाल;
• चलच्चित्राच्या महाराष्ट्रातील परंपरेचा परिचय करून देऊ शकाल;
• नवे रूप देणे आणि कर्त्याचे नाव पुसणे यांतील फरक स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ

1. चित्र हलते कसे?

खरे पाहता कोणतेही चित्र हलत नाही. किंचित वेगळी अशी अनेक स्थिर चित्रे डोळ्यांसमोरून झरझर सरकली, की मन त्यांना जोडून घेते आणि हालचालीचा भास होतो. वहीच्या पानांच्या कोपऱ्यावर एकाच माणसाची थोडी थोडी वेगळी चित्रे काढावीत आणि पाने अंगठ्याखालून भरभर सोडावीत. माणूस चालू लागतो. चित्रपटात एका सेकंदाला साधारणतः 24 चित्रे सरकतात. संगणकावरील छोट्या चलच्चित्राला आठ-दहा चित्रेही पुरतात.

एक उदाहरण घेऊ. कमानिया गेटसमोर मोबाइल एका जागी घट्ट टेकवून ठेवला आणि थोड्या थोड्या वेळाने आठ छायाचित्रे घेतली, असे समजा. आठही छायाचित्रांत कमान जशीच्या तशी दिसेल. बदलेल ती फक्त समोरून जाणारी हातगाडी. मग प्रत्येक वेळी संपूर्ण कमान साठवण्याची गरज काय? ‘जिफ’ या चित्रप्रकारात पहिले चित्र पूर्ण साठवता येते आणि पुढील चित्रांत केवळ बदललेला भाग ठेवता येतो. त्यामुळे चित्राचा आकार लहान राहतो. प्रत्येक चित्र किती वेळ दिसावे, हेही सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत ठरवता येते. एका चित्रात जास्तीत जास्त 256 रंग वापरता येतात. ही मर्यादा खरी. पण मोजक्या रंगांत काम साधण्याची शिस्तही तिनेच कलावंतांना लावली.

पाठगत प्रश्न 1
(अ) कमानिया गेटच्या उदाहरणात कोणता भाग एकदाच साठवला तरी चालतो? का?
(आ) योग्य पर्याय निवडा : जिफ प्रकारच्या एका चित्रात जास्तीत जास्त (24 / 100 / 256) रंग असतात.

2. महाराष्ट्रातील पूर्वपरंपरा

एकामागून एक चित्रे दाखवून कथा जिवंत करण्याची कला महाराष्ट्राला नवी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे कलावंत पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी सादर करतात. एका कथेच्या चित्रांच्या संचाला ते ‘पोथी’ म्हणतात. गायक एकेक चित्र पुढे धरतो आणि वाद्यांच्या साथीने प्रसंग सांगतो. कथा तीच असते. परंतु प्रत्येक पिढीचा चित्रकार आणि गायक तिला स्वतःचा रंग देतो. या परंपरेची जपणूक करणारे परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

कल्याणच्या महादेव पटवर्धन यांनी पुढचे पाऊल टाकले. काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर पाडणारा ‘शांबरिक खरोलिका’ हा खेळ त्यांनी 1892 च्या सुमारास सुरू केला. काचा चपळाईने बदलल्या, की पडद्यावरील आकृती हालचाल करताना दिसत. भारतात चित्रपट पहिल्यांदा दाखवला गेला तो 1896 मध्ये, म्हणजे त्यानंतर.

दादासाहेब फाळके यांनी कॅमेऱ्याच्या साहाय्याने हेच तत्त्व वापरले. चित्रपटनिर्मितीसाठी त्यांना भांडवल हवे होते आणि त्यासाठी आपले कौशल्य सिद्ध करणे भाग होते. त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले आणि महिनाभराहून अधिक काळ त्याची एकेक चौकट टिपली. पडद्यावर तो अंकुर पाहता पाहता वाढला. पुढे 1915 मध्ये आगपेटीतील काड्या एकेक करून सरकवून त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. जे स्वतः हलू शकत नाही, त्याला चिकाटीने हलवणे, हे या कलेचे मर्म आहे.

3. संगणकाच्या जाळ्यावरील चित्रे

अमेरिकेतील कॉम्प्युसर्व्ह या कंपनीत काम करणारे स्टीव्ह विल्हाइट आणि त्यांचे सहकारी यांनी 1987 मध्ये जिफ हा चित्रप्रकार तयार केला. तेव्हाच्या दूरध्वनी तारांवरून माहिती अतिशय मंद गतीने जात असे. म्हणून रंगीत चित्र कमी जागेत बसवणे हा मूळ हेतू होता. 1995 मध्ये नेटस्केप ब्राउझरमध्ये चित्रमालिका पुनःपुन्हा दाखवण्याची सोय आली आणि फिरणारी पृथ्वी, लुकलुकणारे तारे, फावडे मारणारा कामगार अशी चित्रे जगभर पसरली.

ती काढणारे बहुतेक लोक व्यावसायिक चित्रकार नव्हते. एकाने काढलेला कामगार दुसरा उचलून घेई, त्याच्या टोपीचा रंग बदली. तिसरा त्याच्यामागे दिवा लावी. ‘जिओसिटीज’ या सेवेवर अशी असंख्य घरगुती पाने होती. 2009 मध्ये ती सेवा जपान वगळता सर्वत्र बंद झाली. काही स्वयंसेवकांनी त्यापूर्वीच घाईघाईने पानांच्या प्रती करून ठेवल्या, म्हणून त्यांतील पुष्कळ चित्रे वाचली. ओलिया लिआलिना व द्रागान एस्पेनशीड या कलावंतांनी त्या पानांचा अभ्यास करून ती पुन्हा लोकांसमोर मांडली. चित्रे वाचली; परंतु ती काढणाऱ्या बहुतेकांची नावे मात्र हरवली.

पाठगत प्रश्न 2
(अ) फाळके यांनी अंकुराची वाढ कशासाठी चित्रित केली?
(आ) जिओसिटीजवरील चित्रे कशामुळे वाचली?

4. नवे रूप आणि मूळ कर्ता

2011 मध्ये ख्रिस टोरेस या अमेरिकन चित्रकाराने इंद्रधनुष्य मागे सोडत आकाशात धावणारे एक मांजर काढले. पुढे दुसऱ्या कोणी तरी त्याला एका जपानी गाण्याची जोड दिली आणि ते ‘न्यान कॅट’ या नावाने जगभर पोहोचले. त्यानंतर अनेकांनी त्या मांजराला निरनिराळे वेश चढवले. गाणे जोडणाऱ्याने मांजर काढले नव्हते आणि टोरेस यांनी गाणे रचले नव्हते. तरीही दोघांच्या कामातून एक नवी वस्तू जन्मली. नवे रूप देणे हीदेखील निर्मिती आहे. मात्र पुढे हे मांजर विनापरवानगी एका व्हिडिओ गेममध्ये वापरल्याची तक्रार घेऊन टोरेस यांना 2013 मध्ये न्यायालयात जावे लागले. तेथे तडजोड झाली. आपले चित्र आपले आहे, हे सिद्ध करण्याची वेळ खुद्द चित्रकारावर येते, ती अशी.

भारतीय कायद्याने याचा विचार केलेला आहे. कॉपीराइट अधिनियम, 1957 च्या कलम 57 नुसार, हक्क विकल्यानंतरही कलाकृती आपली असल्याचे सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. कलाकृतीची मोडतोड करून त्याच्या लौकिकाला बाध आणली, तर तो दादही मागू शकतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्प 1979 मध्ये काढून टाकण्यात आले होते. ते शिल्प सरकारच्या मालकीचे होते. तरीही 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सहगल यांच्या बाजूने निर्णय दिला आणि शिल्पाचे अवशेष त्यांना परत करण्यास सांगितले.

जबलपूरचे चित्रकार ब्योहार राममनोहर सिन्हा यांचे उदाहरण येथे बोलके आहे. भारतीय संविधानाच्या हस्तलिखित प्रतीची सजावट नंदलाल बोस व त्यांच्या शिष्यांनी केली. त्यांतील उद्देशिकेच्या पानाची नक्षी सिन्हा यांची आहे. त्या पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ‘राम’ अशी त्यांची लहानशी सही आहे. या पानाच्या असंख्य प्रती देशभर पोहोचल्या. नक्षी पाहणारे पुष्कळ. तिच्या कोपऱ्यातील दोन अक्षरे वाचणारे थोडे. पण ती दोन अक्षरे तेथे आहेत, म्हणूनच त्या पानामागचा हात आज ओळखता येतो.

मोबाइलवर आलेल्या चित्राच्या कोपऱ्यातही पुष्कळदा असे छोटे नाव असते. चित्राला नवे रूप देताना ते नाव कापून टाकायला एक क्षण पुरतो. ते राखून त्याखाली आपले नाव जोडायलाही एक क्षणच लागतो. पहिल्या कृतीने परंपरा तुटते, दुसरीने ती पुढे जाते.

आपण काय शिकलात?

• किंचित वेगळी स्थिर चित्रे वेगाने सरकली, की हालचालीचा आभास होतो.
• चित्रकथी, शांबरिक खरोलिका आणि फाळके यांचे प्रयोग ही महाराष्ट्रातील चलच्चित्राची पूर्वपरंपरा आहे.
• दुसऱ्याच्या चित्राला नवे रूप देणे ही निर्मिती असते. मात्र मूळ कर्त्याचे नाव राखणे आवश्यक असते.

शब्दार्थ

तसबीर – चौकटीतील चित्र. आभास – खरे नसून तसे भासणे. चौकट – चित्रफितीतील एक स्थिर चित्र. भित्तिशिल्प – भिंतीवरील शिल्प. उद्देशिका – संविधानाच्या आरंभीचे निवेदन. लौकिक – कीर्ती, नाव. बाध – धक्का, हानी.

स्वाध्याय

1. ‘जे स्वतः हलू शकत नाही, त्याला चिकाटीने हलवणे, हे या कलेचे मर्म आहे.’ पाठातील दोन उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
2. चित्रकथीचे कलावंत आणि संगणकावर चित्रांना नवे रूप देणारे कलावंत यांच्यातील एक साम्य व एक फरक लिहा.
3. शिल्प सरकारच्या मालकीचे असूनही निर्णय सहगल यांच्या बाजूने का लागला असावा? पाच-सहा ओळींत उत्तर लिहा.
4. उपक्रम : वहीच्या 12 पानांच्या कोपऱ्यांवर उमलणाऱ्या फुलाची चित्रे काढा. वही सोबत्याला द्या आणि त्याला त्यात एक बदल करू द्या. शेवटच्या पानावर दोघांचीही नावे लिहा.