सायबर भरपाईचा दावा: मंत्रालयात किती, दिल्लीत किती

ऑनलाइन पैसे गेले की लगेच १९३० वर फोन आणि बँकेत लेखी तक्रार करा. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी नाही. तेच प्रकरण आधीच न्यायाधिकरणात असेल तर मात्र लोकपाल ते घेत नाही, म्हणून हा क्रम मोडू नका.

बँकेने किंवा कंपनीने तुमची माहिती नीट न सांभाळल्यामुळे नुकसान झाले असेल, तर आयटी कायद्याखाली पाच कोटींपर्यंतच्या भरपाईचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतो. अर्जाचे ५० रुपये, शिवाय दाव्याच्या रकमेवर फी. ऐंशी हजार मागितले तर ४,२०० रुपये, तीन लाखांना ९,०००. एक लाखाच्या वर ५,००० आणि वाढीव रकमेचे दोन टक्के, असा हिशेब आहे. रक्कम फुगवून मागितली तर फीही फुगते.

निकाल पटला नाही तर ४५ दिवसांत अपील, पण ते दिल्लीला. सायबर अपिलांसाठी पूर्वी वेगळे न्यायाधिकरण होते. जून २०११ मध्ये त्याचे अध्यक्ष निवृत्त झाले आणि ती खुर्ची पुढे भरलीच गेली नाही. २०१७ च्या वित्त कायद्याने ते टेलिकॉमचे वाद ऐकणाऱ्या टीडीसॅटमध्ये विलीन केले. त्याच फेरबदलात २६ न्यायाधिकरणांची १९ झाली. दोन कार्यालयांचा खर्च एकावर आला हे चांगलेच, पण माझ्या लेखी त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अडकलेली अपिले ऐकणारे कोणी तरी मिळाले. सहा वर्षे थांबलेल्या भरपाईचे नुकसान कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

सरकारची ही बचत सोलापूरच्या किंवा नाशिकच्या पक्षकाराच्या खिशात मात्र येत नाही. दिल्लीचे तिकीट, मुक्काम, बुडालेली रोजी आणि तिथल्या वकिलाची फी त्यालाच भरावी लागते. वाचलेल्या पैशातून राज्याराज्यांत नियमित सुनावण्या व्हायला हव्यात, ही मागणी ग्राहक संघटनांनी लावून धरावी.

तोवर अपिलाआधी खर्च कागदावर मांडा. वकिलाची फी प्रत्येक तारखेची की पूर्ण प्रकरणाची, हे लेखी ठरवा. टीडीसॅटपुढे स्वतः बाजू मांडण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. ऑनलाइन दाखल करण्याची आणि व्हिडिओवरून सुनावणीची सोय रजिस्ट्रीत आधीच विचारा. टीडीसॅटच्या निकालावर उच्च न्यायालयात जायला ६० दिवस मिळतात.